लॅपटॉपमधील दोन ग्राफिक्स कार्डे आणि उबुंटू : कार्ड बदलले की पडदा काळा होतो

सूरसागरकाठ (बडोदे)

नमस्कार. माझ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरबरोबर येणारे इंटेलचे ग्राफिक्स आणि त्याखेरीज एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे वेगळे कार्ड, अशी दोन्ही आहेत. यंत्रावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली आहे, विंडोज नाही. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याचे लाकडी खांब, हस्त (सज्जांना खालून आधार देणारे तुकडे) आणि सज्जे यांची मापे व छायाचित्रे घेऊन ब्लेंडर या प्रोग्रॅममध्ये त्यांची त्रिमितीय प्रतिकृती करण्याचे काम मी गेले वर्षभर करते आहे आणि त्यासाठीच वेगळे कार्ड असलेले यंत्र घेतले होते. एका चित्राचे रेंडरिंग, म्हणजे प्रतिकृतीवरून अंतिम चित्र तयार करणे, त्या कार्डावर काही मिनिटांत होते. तेच नुसत्या प्रोसेसरवर सोडले, तर रात्रीची जेवणे होऊन स्वयंपाकघर आवरले तरी चालूच असते.

दिवसा बाहेर काम करताना बॅटरी पुरावी म्हणून मी ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ आणि घरी रेंडरिंग करताना ‘प्राइम-सिलेक्ट एनव्हिडिया’ अशी आज्ञा देऊन यंत्र पुन्हा सुरू करत असे. गेल्या पंधरवड्यात अपडेटबरोबर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.११ वरून ६.१४ वर गेला. त्यानंतर एनव्हिडिया निवडून यंत्र सुरू केले, तेव्हा पडदा काळा राहिला आणि वरच्या कोपऱ्यात नुसती एक रेघ लुकलुकत होती. शोधाशोध केल्यावर ग्रबमध्ये (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘नोमोडसेट’ हा शब्द घालावा असा सल्ला सापडला. तो घातल्यावर पडदा उजळला, पण खिडकी सरकवली तरी ती अडखळत सरकते, पंखा थांबत नाही, एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर ओळखला जात नाही आणि ब्लेंडरच्या यादीत क्यूडा (एनव्हिडियाच्या कार्डावर गणिते चालवण्याची सोय) दिसत नाही.

यंत्र दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवले. तेथे बायॉसमधल्या (यंत्राच्या अंगच्या मूळ मांडणीतल्या) सगळ्या नोंदी मूळ स्थितीत आणून पाहिल्या आणि ग्राफिक्सची चिप गेली आहे, मदरबोर्ड बदलावा लागेल, असे सांगितले. तो खर्च मला आज झेपणारा नाही. चिप खरोखरच गेली आहे की दोष माझ्या मांडणीत आहे, हे घरी बसून कसे ओळखावे?

रामबागेतून (इंदूर)

मदरबोर्डाचा निर्णय कृपया थांबवा. आपण सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही लक्षण केवळ चिप बिघडल्यामुळेच होते असे नाही, आणि कर्नल बदलल्याच्या दिवशीच त्रास सुरू झाला ही गोष्ट दुसरीकडे बोट दाखवते.

आधी रचना समजून घेऊ, म्हणजे पुढचे प्रश्न उगाच विचारल्यासारखे वाटणार नाहीत. एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाची पद्धत आणली. तिच्यात लॅपटॉपचा पडदा तारेने इंटेलच्या ग्राफिक्सलाच जोडलेला असतो. वेगळे कार्ड चित्र तयार करते, पण ते चित्र इंटेलच्या ताब्यातील स्मृतीत उतरवले जाते आणि तेथून पडद्यावर जाते. म्हणजे अशा यंत्रात ‘एनव्हिडिया’ निवडले तरी इंटेलचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, जागा असावाच लागतो. तो निजला तर मोठे कार्ड कितीही धडधाकट असले तरी पडद्यापर्यंत काही पोहोचत नाही. एक कार्ड बंद करून दुसरे लावतो, अशी आपली समजूत असते, पण प्रत्यक्षात ही दोघांची भागीदारी आहे. काही लॅपटॉपांत मक्स नावाची खरीखुरी अदलाबदलीची कळ असते आणि बायॉसमध्ये तिची नोंद दिसते, पण आपण तिचा उल्लेख केलेला नाही, म्हणून ती नाही असे धरतो.

आता पुढील पाच आज्ञांची उत्तरे येथे द्यावीत. आज्ञा मी देवनागरीत लिहितो आहे; टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहाव्यात. ‘एलएसपीसीआय -के’ ही आज्ञा कार्ड दिसते का आणि कोणता ड्रायव्हर त्याला चालवतो हे सांगते. ‘ग्लक्सइन्फो -बी’ (यातला ‘बी’ मात्र मोठ्या लिपीत लिहावा) ही पडद्यावरचे चित्र प्रत्यक्षात कोण काढते आहे ते सांगते. तिच्यासाठी मेसा-युटिल्स हे पॅकेज लागते. ‘डीकेएमएस स्टेटस’ने एनव्हिडियाचे मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) कोणत्या कर्नलसाठी तयार झाले आहे ते कळते. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ने कर्नल कोणते शब्द घेऊन सुरू झाला ते कळते, आणि ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ने सिक्युअर बूट (अनोळखी मॉड्यूले रोखणारी सोय) चालू आहे की बंद ते कळते. ही उत्तरे हाती येईपर्यंत काहीही नवे बसवू नका आणि काहीही काढू नका.

मांडवीजवळ (बडोदे)

मी काही वर्षांपूर्वी असाच त्रास बंबलबी बसवून सोडवला होता. ‘ऑप्टिरन’ लिहून पुढे प्रोग्रॅमचे नाव लिहिले की तेवढाच प्रोग्रॅम मोठ्या कार्डावर चालत असे. ताईंनी तेच करावे असे मला वाटते. नाहीतर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून .रन फाइल उतरवून थेट ड्रायव्हर बसवावा.

रामबागेतून (इंदूर)

मांडवीजवळ, आपल्या वेळी तो उपाय बरोबरच होता. बंबलबी २०११ मध्ये आले, कारण तेव्हा ऑप्टिमस असलेल्या लॅपटॉपांना लिनक्सवर अधिकृत आधार जवळजवळ नव्हता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात एनव्हिडियाबद्दल अतिशय कडक शब्द वापरले, तेही श्रोत्यांतील एका महिलेने ऑप्टिमसच्याच अडचणीविषयी प्रश्न विचारल्यावर. मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या ४३५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून एकेक प्रोग्रॅम मोठ्या कार्डाकडे सोपवण्याची सोय त्या ड्रायव्हरमध्येच आहे. आज बंबलबी घातले, तर ते आणि प्राइम-सिलेक्ट एकाच कार्डाची वीज दोन बाजूंनी चालू-बंद करू लागतील आणि मग दोष शोधणे कितीतरी कठीण होईल.

.रन फाइलबद्दल तर माझी कळकळीची विनंती आहे की ती टाळावी. तिने बसवलेल्या फाइलींची नोंद एपीटीकडे, म्हणजे उबुंटूच्या पॅकेजे बसवणाऱ्या व्यवस्थेकडे, राहत नाही. पुढच्या अपडेटमध्ये एपीटी त्याच जागी आपल्या फाइली ठेवते, कर्नलमधले मॉड्यूल एका आवृत्तीचे आणि बाकीचा ड्रायव्हर दुसऱ्या आवृत्तीचा होतो, आणि ‘एपीआय मिसमॅच’ अशी नोंद येऊन कार्ड काम नाकारते.

सूरसागरकाठ (बडोदे)

उत्तरे अशी आहेत. पहिल्या आज्ञेत दोन्ही कार्डे दिसतात. एनव्हिडियाच्या कार्डाखाली ‘कर्नल मॉड्यूल्स’ या ओळीत एनव्हिडियाएफबी आणि नूवो ही नावे आहेत, पण ‘ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नाही. इंटेलच्या खालीही ती ओळ नाही. दुसऱ्या आज्ञेत रेंडरर म्हणून ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिले आहे. तिसऱ्यात एनव्हिडिया ५७० हे ६.११ च्या कर्नलसाठी बसवलेले दिसते, ६.१४ चे नाव नाही. चौथ्यात शेवटी नोमोडसेट आहे. पाचव्यात सिक्युअर बूट चालू असल्याचे दिसते. हे मला नवीन आहे, कारण उबुंटू बसवताना मी ते बंद केले होते.

लष्करकर (ग्वाल्हेर)

रामबागेतून यांनी नेमक्या आज्ञा विचारल्या, त्यामुळे मला बरेच सोपे झाले. ताई, पहिल्या आज्ञेत दोन्ही कार्डे आपापल्या नावाने दिसत आहेत. पार जळालेली चिप बहुधा त्या यादीत आपले नाव नोंदवायलाही येत नाही. एवढ्यावरून सगळे ठीक आहे असे म्हणता येणार नाही, परंतु आशा धरायला जागा आहे.

एलएलव्हीएमपाइप म्हणजे आज आपल्या यंत्रात कोणतेच ग्राफिक्स कार्ड चित्र काढत नाही. ते काम प्रोसेसर एकटा, सॉफ्टवेअरच्या बळावर करतो आहे. म्हणून खिडक्या अडखळतात आणि म्हणूनच पंखा थांबत नाही. याचे कारण नोमोडसेट हेच. हा शब्द कर्नलला पडद्याची मांडणी स्वतः ठरवू देत नाही, म्हणजे इंटेलच्या आय९१५ या ड्रायव्हरलाही बाजूला बसवतो. वर सांगितलेली भागीदारी आठवा: इंटेलच बाजूला बसल्यावर प्राइम-सिलेक्टने काहीही निवडले तरी त्याचा उपयोग होत नाही. उबुंटू बसवण्यापुरता, एखाद्या अडलेल्या यंत्रावर, हा शब्द एकदा वापरणे ठीक आहे. तो ग्रबमध्ये कायमचा लिहून ठेवण्याचा सल्ला जेथे जेथे दिसतो तेथे मला वाईट वाटते, कारण काळा पडदा जातो आणि माणूस दोष मिटला असे समजून त्याच्यासोबत दिवस काढत राहतो.

क्रम असा ठेवावा. प्रथम ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ निवडावे. मग /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडून त्यातला नोमोडसेट हा एवढाच शब्द काढावा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. सुरुवातीला एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबची यादी आणावी आणि प्रगत पर्यायांतून ६.११ चा कर्नल निवडावा. एनव्हिडियाला या टप्प्यावर हात लावू नये. इंटेल उभे राहिले की मगच पुढे जाऊ.

सूरसागरकाठ (बडोदे)

नोमोडसेट काढला. पडदा पहिल्याच वेळी आला, रेंडररच्या ओळीत मेसा इंटेल असे लिहिले आहे, खिडक्या पूर्वीसारख्या सरकतात आणि अर्ध्या तासात पंखा एकदाही जोरात फिरला नाही. आपण दोघांनी वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. एचडीएमआय आणि ब्लेंडर मात्र अजून तसेच आहेत.

मॉड्यूल नव्या कर्नलसाठी का तयार झाले नाही, त्याचे कारण मला बहुधा सापडले. डिस्क भरली होती म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी ‘लिनक्स-हेडर्स’ नावाने सुरू होणारी सगळी पॅकेजे जुनी समजून काढून टाकली होती. आता ती परत बसवली. डीकेएमएसने मॉड्यूल तयार केले आणि ६.१४ चे नाव यादीत आले. पण ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर येते.

लष्करकर (ग्वाल्हेर)

हेडर्सचे निदान अचूक आहे. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने बांधते आणि त्यासाठी त्या कर्नलचे हेडर्स लागतात. ते नसले तर अपडेट मुकाट्याने पुढे जाते आणि त्याचा परिणाम पुढच्या वेळी यंत्र सुरू केल्यावर दिसतो.

किल्ली नाकारल्याचा संदेश सिक्युअर बूटचा आहे. दुकानात बायॉस मूळ स्थितीत आणले, तेव्हाच ते पुन्हा चालू झाले असावे. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल फक्त ओळखीच्या किल्लीने सही केलेलीच मॉड्यूले आत घेतो. आपल्या यंत्रावर बांधलेल्या मॉड्यूलवर डीकेएमएस सही करते खरी, पण ती किल्ली यंत्राच्या फर्मवेअरला अजून माहीत नाही. सिक्युअर बूट बंद करणे हा झटपट मार्ग आहे. तो कायमचा पत्करू नये असे माझे मत आहे. ‘सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट’ ही आज्ञा देऊन पुढे /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/ या फोल्डरातील मोक.डीईआर या फाइलीचे नाव द्यावे (अक्षरे तेथे दिसतात तशीच लिहावीत, म्हणजे फोल्डराच्या नावातले ‘मोक’ लहान आणि फाइलीच्या नावातले मोठ्या लिपीत). एक तात्पुरता पासवर्ड विचारला जाईल. तो साध्या अंकांचा ठेवावा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्डाची मांडणी अमेरिकन असते आणि चिन्हांची जागा चुकू शकते. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर निळा पडदा येतो आणि तो साधारण दहा सेकंदच थांबतो. त्या दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबून ‘एनरोल मोक’ निवडावे. बहुतेकांची चूक येथेच होते: यंत्र सुरू व्हायला लावून माणूस चहाला उठतो, निळा पडदा निघून जातो आणि किल्ली नोंदवली गेली असे तो धरून चालतो.

दुसरा मार्गही सांगून ठेवतो. उबुंटू आपल्या नेहमीच्या कर्नलांसाठी एनव्हिडियाची आधीच बांधलेली, उबुंटूच्याच किल्लीने सही केलेली मॉड्यूले पुरवते. त्या पॅकेजांची नावे लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया अशी सुरू होतात. ती घेतली तर हेडर्सही लागत नाहीत आणि किल्ली नोंदवण्याची गरजही राहत नाही. पुढेमागे यंत्रावर उबुंटू नव्याने बसवाल, तेव्हा ‘उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी. शक्य असेल तेथे ती स्वतःच हा मार्ग धरते.

जुने_यंत्र (इंदूर)

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या २०१२ च्या लॅपटॉपात फर्मी पिढीचे एनव्हिडिया कार्ड आहे. हेच सर्व मलाही लागू होते का?

रामबागेतून (इंदूर)

आपल्याला नाही. फर्मी कार्डांचा ३९० मालिकेचा ड्रायव्हर २०२२ च्या अखेरीस थांबला आणि तो नव्या कर्नलवर बांधताच येत नाही. आपण कर्नलबरोबर येणारा नूवो वापरावा आणि ज्या प्रोग्रॅमला मोठे कार्ड हवे त्याच्या आज्ञेआधी ‘डीआरआय_प्राइम=१’ लिहावे, मोठ्या लिपीत. एएमडीची दोन कार्डे असलेल्यांनाही हाच शब्द पुरतो, कारण त्यांचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. नूवोकडून वेगाची अपेक्षा मात्र माफकच ठेवावी.

सूरसागरकाठ (बडोदे)

निळा पडदा पहिल्यांदा माझ्याही हातून निसटला, कारण लॅपटॉप बाहेरच्या मॉनिटरला जोडलेला होता आणि माझे लक्ष तिकडे होते. दुसऱ्यांदा समोर बसून राहिले. आता ‘एनव्हिडिया-एसएमआय’ दिल्यावर जीटीएक्स १६५० चे नाव, तापमान आणि ४ जीबी स्मृती असे सारे दिसते. चिप गेलेली नाही.

आता माझा मूळ प्रश्न उरतो. इंटेल आणि एनव्हिडिया यांत अदलाबदल करताना दर वेळी यंत्र पुन्हा सुरू करावे लागते, शिवाय इंटेलवर असताना एचडीएमआय चालत नाही. याला काही सुटसुटीत मार्ग आहे का?

रामबागेतून (इंदूर)

आपल्या कामाला अदलाबदलीची गरजच नाही, आणि हे मला पहिल्याच प्रतिसादात सांगता आले असते तर बरे झाले असते, पण तेव्हा खालचे मजले उभे नव्हते.

‘प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ निवडावे, एकदा यंत्र पुन्हा सुरू करावे आणि तेथेच राहू द्यावे. या स्थितीत पडदा आणि नेहमीचे प्रोग्रॅम इंटेल सांभाळते आणि मागणी आली की एनव्हिडिया जागे होते. ब्लेंडरमधले सायकल्स या रेंडरिंगच्या इंजिनाचे काम हे पडद्यावर चित्र काढण्याचे काम नाही. ती क्यूडाच्या द्वारे कार्डाकडे पाठवलेली गणिते आहेत. त्यामुळे पडदा कोण सांभाळते याच्याशी त्याचा संबंध येत नाही. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम या भागात क्यूडा निवडून कार्डावर खूण केली की पुरे. वाड्याची प्रतिकृती फिरवून पाहताना, म्हणजे काम करण्याच्या खिडकीत, ती जड वाटू लागली, तरच ब्लेंडर पूर्णपणे मोठ्या कार्डावर सुरू करावे. त्यासाठी नोममध्ये (उबुंटूच्या डेस्कटॉपमध्ये) चिन्हावर उजवी कळ दाबली की समर्पित ग्राफिक्स कार्डावर सुरू करण्याचा पर्याय येतो. स्विचरू-कंट्रोल ही सेवा तो पर्याय पुरवते.

एचडीएमआयचा प्रश्न तारांचा आहे. पुष्कळ लॅपटॉपांत आतला पडदा इंटेलला आणि एचडीएमआयचे भोक थेट एनव्हिडियाला जोडलेले असते. /सिस/क्लास/डीआरएम या फोल्डरात पाहिले, तर कोणत्या कार्डाच्या नावाखाली ईडीपी (आतल्या पडद्याची जोडणी) आहे आणि कोणत्याखाली एचडीएमआय, ते स्पष्ट दिसते. ‘इंटेल’ निवडले की एनव्हिडियाचा ड्रायव्हरच बंद राहतो आणि त्याच्या भोकात लावलेला मॉनिटर अंधारात राहतो. तो बिघाड नव्हे. त्या जोडणीचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

सूरसागरकाठ (बडोदे)

आपण म्हणता तसेच आहे: ईडीपी इंटेलखाली आणि एचडीएमआय एनव्हिडियाखाली. ऑन-डिमांड निवडल्यावर मॉनिटर लागला आणि ब्लेंडरमध्ये क्यूडा दिसू लागले. काल रात्री सज्जाच्या एका हस्ताचे रेंडरिंग आठ मिनिटांत पूर्ण झाले. गेल्या आठवड्यात प्रोसेसरवर त्यालाच दीड तास लागला होता.

मात्र बॅटरी पूर्वी इंटेलवर पुरत असे तितकी पुरत नाही. मॉनिटर काढलेला आणि ब्लेंडर बंद असतानाही यंत्राची डावी बाजू कोमट लागते.

लष्करकर (ग्वाल्हेर)

याचा अर्थ कार्ड झोपत नाही. आपले कार्ड ट्युरिंग पिढीचे आहे आणि त्या पिढीपासून एनव्हिडियाचा ड्रायव्हर रिकामे कार्ड स्वतःहून पूर्ण बंद करू शकतो. पाहायचे असेल तर /सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस या फोल्डरात कार्डाच्या पत्त्याखाली, म्हणजे बहुधा ००००:०१:००.० येथे, पॉवर या फोल्डरातील रनटाइम_स्टेटस ही फाइल ‘कॅट’ने वाचावी. ‘सस्पेंडेड’ आले तर कार्ड झोपले आहे; ‘ॲक्टिव्ह’ आले तर जागे आहे. येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे: हे पाहण्यासाठी एनव्हिडिया-एसएमआय वापरू नये, कारण ती आज्ञा विचारपूस करण्यासाठी झोपलेल्या कार्डालाच उठवते आणि मग ते कधीच झोपत नाही असा समज होतो.

म्हणूनच विचारतो, वरच्या पट्टीवर कार्डाचे तापमान दाखवणारे एखादे एक्स्टेन्शन आपण लावले आहे का? तसे असेल तर दर काही सेकंदांनी तेच कार्डाला हलवून जागे करत असणार.

सूरसागरकाठ (बडोदे)

होय, लावले होते. चिप गेल्याचे ऐकल्यापासून तापमानावर सतत लक्ष ठेवावे म्हणून मीच ते बसवले. ते काढल्यावर अर्ध्या मिनिटात फाइलीत सस्पेंडेड आले आणि यंत्राची डावी बाजू थंड झाली. मॉनिटर जोडला की ॲक्टिव्ह होते, पण ते तसेच व्हायला हवे हे आता समजते.

मांडवीजवळ (बडोदे)

ताई, माझा बंबलबीचा सल्ला आपण घेतला नाहीत हे बरे झाले. माझ्याही घरी मुलाच्या लॅपटॉपवर ग्रबमध्ये नोमोडसेट लिहिलेला सापडला. आज संध्याकाळी तो काढला आणि त्याचा पडदाही इंटेलवर आला.

सूरसागरकाठ (बडोदे)

मांडवीजवळ, त्यांच्या यंत्रावर सिक्युअर बूट आणि डीकेएमएस स्टेटस हे दोन्ही पाहून घ्यावे. माझ्याकडे आज सकाळी कर्नलचा पुढचा अपडेट आला. यंत्र बंद करण्यापूर्वी डीकेएमएस स्टेटस पाहिले. नव्या कर्नलच्या नावापुढे ‘इन्स्टॉल्ड’ होते. मग यंत्र पुन्हा सुरू केले, पडदा आला, रनटाइम_स्टेटसमध्ये सस्पेंडेड आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जाचे रेंडरिंग आता लावले आहे.